दहाही बोटं

सुरतेत गोडादऱ्याला आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहायचे. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे त्यांना काकाच म्हणत. कापड विणायच्या लूमवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मग ते एका प्रिंटिंग मिलमध्ये वॉचमन झाले. कागदावरचं डिझाइन साड्यांवर उतरवून झालं की तिथे तो कागद टाकून देत. त्यावर फिकट फुलं, वेली उरलेल्या असत. काका तो घरी आणत आणि रविवारी सकाळी ओट्यावर बसून मुलांना त्याची पाखरं करायला शिकवत. बोलत कमीच. घडी घातली की नखाने दाबत आणि सगळ्यांची होईपर्यंत थांबत.

एकदा मी मुलीला जेवायला बोलवायला गेले, तर ती उजव्या हाताची दोन बोटं मुडपून घडी घालत होती. पाहते तर सगळीच मुलं तशीच. मी रागावणार, तेवढ्यात काकांचंही लक्ष गेलं.

"असं का करता रे?"

"तुम्ही असंच करता ना, काका," मुलगी म्हणाली.

काकांनी तिची मुडपलेली बोटं एकेक करून सरळ केली.

"माझी मशीनमध्ये गेली, बेटा. तुम्ही दहाही वापरा."

पुढच्या रविवारपासून कागद वाटण्याआधी ते सगळ्यांना हात वर करायला लावत आणि प्रत्येकाची बोटं मोजत. मुलांना तो खेळ वाटे. मला मात्र हसू येत नसे. त्यातली बरीच मुलं मोठी होऊन लूमवरच जाणार होती.