धुऱ्यावर आडवी

अक्षर वाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. शुद्धलेखनाचंही तेच. मी चौथी शिकले, ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं, आता कोण सांगणार? पण अक्षर वाकडं असण्याचं कारण वेगळं आहे. मी हे पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन लिहिते आहे. बसून लिहिलं तर पान भरायच्या आत कंबर पेटते.

हे कोणाला दाखवायचं नाही, तरी आधी माफी मागितली. सवयच तशी आहे. भांडं पडलं की माफी, उशीर झाला की माफी, दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी माझीच माफी. या लिहिण्यात एवढी एकच मागते. पुढे नाही.

धान कापून झाला की पेंढ्या रचून पुंजणं घालतात, घराएवढं उंच. त्या पुंजण्यावरून मी पाठीवर पडले. खाली खळ्याची चोपलेली जमीन. गोंदियाच्या खाजगी दवाखान्यात फोटो काढला, मणक्याला भेग निघाली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गोळ्या दिल्या. पंधरा दिवस घ्या म्हणाले.

त्या गोळीचं काय सांगू? दुखणं गेलं असं नाही, पण ते उठून शेजाऱ्याकडे जाऊन बसल्यासारखं झालं. होतं, पण माझ्या घरात नव्हतं. आणि दुसरी गोष्ट झाली ती कोणालाच वाटली नव्हती. माझं तोंड उघडलं.

मी लाजाळू. सासू रोवणीचा गुत्ता घेते, म्हणजे एकरावर पैसे ठरवून बायांची टोळी नेते. बाया रांगेत वाकून मागे मागे सरत धान रोवतात आणि हसतात, गातात, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करतात. इतक्या वर्षांत त्या रांगेत माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. पडल्यानंतरच्या पावसाळ्यात मी गोळी खाऊन रांगेत उतरले आणि बोलतच सुटले. गाणं मी धरायचे. बाया मला रेडिओ म्हणायला लागल्या. सासू सगळ्यांना सांगायची, "आमची सून पडली आन् सुधरली."

मला तो रेडिओ आवडत होता. हे खोटं कशाला लिहू?

पंधरा दिवस कधीच संपले होते. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. गोंदियाच्या बाजारातला औषधाचा दुकानदार आधी चिठ्ठी पाहायचा, मग नुसता माझा चेहरा पाहायचा आणि पाकीट काढून ठेवायचा. पैसे नसले तरी ठेवायचा. "ले जाओ भाभी, पैसे कहाँ भागे जा रहे हैं." मला वाटायचं, किती चांगला माणूस आहे. उधारी वाढत गेली तसा तो आणखी चांगला होत गेला.

मग त्याच्या घरी लग्न निघालं आणि दुकान बंद राहिलं. माझ्याजवळच्या गोळ्या संपल्या. दुसऱ्या दिवशी थंडी वाजायला लागली, अंगावर काटा, नाकाडोळ्यातून पाणी, जांभया थांबेनात, पोट बिघडलं. पाय तर असे ओढत होते की ते माझेच आहेत असं वाटेना. सासू म्हणाली, हिवताप. आमच्या भागात थंडी वाजली की पहिलं तेच नाव निघतं. गावात आरोग्याचं काम पाहणारी आशाताई आली, बोट टोचून तपासणी केली. हिवताप नाही म्हणाली. नवरा दुसऱ्या दुकानातून कशाबशा दोन गोळ्या घेऊन आला. त्या खाल्ल्या आणि तासाभरात मी उठून भात मांडला. सासूनं निकाल दिला, "सरकारच्या गोळीपेक्षा हेच औषध चांगलं. कमरेले बी लागू, हिवतापाले बी लागू."

मीही तेच धरून बसले. गोळी हिवताप अडवते, म्हणून सोडायची नाही. असं आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा आशाताईनं बोट टोचलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी ती सामान पिशवीत भरता भरता थांबली.

"वहिनी, एक विचारू का? तुमचा हिवताप दुकान बंद असते तेव्हाच काऊन येते?"

 ती म्हणाली, "पाकीट दाखवा बरं."

पाकीट पाहून तिचा चेहरा बदलला. दोन दिवसांनी ती मला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? मला दहापैकी सांगता येईना. मी म्हटलं, धान कापल्यावर जमिनीत जी बुडं उभी राहतात ना, त्यांच्यावरून अनवाणी चालल्यासारखं, पण पायात नाही, कमरेत. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

मग त्या बोलल्या ते मला अजून आठवतं. ही गोळी शरीराला सवय लावते, तुम्हाला झाला तो हिवताप नव्हता, गोळी मागणारं शरीर होतं. एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात. मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करायची. आधी जास्त दुखेल. मग उतरेल. सगळं जाणार नाही.

सगळं जाणार नाही, हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, होईल बरं. पहिल्यांदा कोणी खरं बोललं आणि मला रडू न येता राग आला. त्या दुकानदाराचा, पंधरा दिवसांचा, माझासुद्धा. त्या रागानंच मला पुढचे काही महिने तारून नेलं.

व्यायाम शिकवले, गरम पाण्यानं शेकायला सांगितलं. आणि एक गोष्ट सांगितली: कंबर भरून यायला लागली की ताणून धरायचं नाही, लगेच पाठीवर आडवं व्हायचं, थोड्या वेळानं उठून पुन्हा काम करायचं.

"शेतात कुठं आडवी पडू?" मी विचारलं.

"जिथं दुखेल तिथं."

त्यांना काय माहीत. सून सासूसमोर दिवसा आडवी पडत नाही, धानाच्या बांधीत, उघड्या शेतात, तर नाहीच नाही. तिथं ट्रॅक्टरवाले असतात, मालक असतो.

बाईंनी गोळ्या घरच्या कोणाजवळ ठेवायला सांगितल्या. मी नाही म्हटलं. लपवल्या तर मी शोधीन, हे मला माहीत होतं. मी त्या देवळीत सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या आणि ठरल्या वेळी ठरल्या तेवढ्याच घेतल्या. एकदा चुकले, जास्त घेतली. आशाताईला सांगितलं, पुन्हा मागच्या पायरीवरून सुरू केलं. नाक वाहायचं, पाय ओढायचे, वरणाच्या वासानं मळमळायचं. आणि तोंड मिटत गेलं. रेडिओ बंद पडला. ते मला कमरेपेक्षा जास्त लागलं.

नवरा धानाच्या मिलमध्ये पोती वाहतो. माणूस मायाळू आहे. मला कुशीवर वळताना पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. "खाय ना एखादी. कोन पाहून राहिलं?" सासूवर राग धरता येतो, याच्यावर कसा धरायचा? मी म्हणायचे, "मी पाहून राहिली ना."

बाकीच्यांचं म्हणणं दोनच तऱ्हेचं होतं. दुखते तर खा. आणि खात नाही तर मग दुखत नसेल, काम चुकवून राहिली. या दोन वाक्यांच्या मधे मला उभं राहायला जागाच नव्हती. मला दुखतं आणि मी खात नाही, ही दोन्ही खरी असू शकतात, हे कोणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

रोवणी आली. तोवर मी दिवसाला एकाच गोळीवर आले होते, तीही अर्ध्या ताकदीची. सासूनं मोठा गुत्ता घेतला होता.

"रोवणीपुरती पहिल्यावानी खा," ती म्हणाली. "मंग सोड, मी कायले अडवू?"

"नाही."

लग्नानंतर तिला म्हटलेलं हे माझं पहिलं नाही. तिलाही ते नवीन होतं, तिनं मागं वळून दुसरं कोणी आहे का ते पाहिलं.

मी म्हटलं, मी येते, पण रांगेत नाही. लाकडी पाटावर बसून पऱ्ह्याची रोपं उपटीन, जुड्या बांधीन. मजुरी कमी धरा.

बांधीत बायांनी सोडलं नाही. "महारानी पाटावर बसली वं!" "रेडिओचा सेल गेला का?" मी जुड्या बांधत राहिले. पूर्वी अशा वेळी गोळी माझ्यातर्फे उत्तर द्यायची.  थोड्या वेळात कंबर भरून आली. मी धुऱ्याकडे पाहिलं, दोन बांध्यांमधला तो मातीचा बांध, ओला, हातभर रुंद. पलीकडे ट्रॅक्टर चिखल करत होता. मी उठले, पदर नीट केला आणि धुऱ्यावर पाठ टेकून सरळ आडवी झाले.

रांग थांबली. ट्रॅक्टरही थांबला. 

सासू धावत आली. "ऊठ! लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या," मी आभाळाकडे पाहत म्हटलं. "मी बी त्यायलेच पाहून राहिली."

रांगेतून कोणीतरी फसकन हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या, आणि या वेळी ते हसू माझ्यावर नव्हतं. हे वाक्य गोळीचं नव्हतं. हळू निघालं, थोडं कापलं, पण माझं होतं. थोड्या वेळानं मी उठून पाटावर बसले. त्या दिवशी आणखी कितीतरी वेळा आडवी झाले. संध्याकाळपर्यंत कोणी मान वर करेना. दुसऱ्या दिवशी सासूनं खताचं रिकामं पोतं धुऱ्यावर फेकलं. "लुगड्याले चिखल लागते, धुवाचं मलेच पडते," असं पुटपुटली. लुगडी माझी मीच धुते. मी पोतं अंथरलं.

रोवणी संपायच्या आत ती शेवटची, अर्ध्या ताकदीची गोळीही सुटली. कंबर दुखत होती. आताही दुखते.

मजुरी मिळाली ती घेऊन मी एकटीच गोंदियाला गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. जोवर ती उधारी होती तोवर त्या काउंटरशी माझं नातं होतं, आणि ते मलाच तोडायचं होतं.

दुकानदारानं मला पाहिलं आणि हात आपोआप मागच्या फळीकडे गेला. पाकीट काउंटरवर आलं. "बहुत दिन बाद भाभी! तबियत ठीक?"

मी पैसे ठेवले. "आधीची उधारी. सगळी."

"अरे, इतनी क्या जल्दी है?" त्यानं मोजले. मला थोडे पैसे परत यायचे होते. त्यानं गल्ला उघडला, बंद केला आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. "छुट्टा नहीं है. ये रख लो, हिसाब बराबर."

"मला सुटे पाहिजेत."

"नहीं है ना भाभी."

"मग मी थांबते."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळला. मी उभी राहिले. कंबर भरून यायला लागली. दुकानापुढे गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक होता. मी त्यावर पाठ टेकून आडवी झाले, भर बाजारात, पिशवी पोटावर घेऊन. एक ऑटोवाला वाकून पाहायला लागला. एका बाईनं विचारलं, "क्या हुआ इनको? दवाई से कुछ हुआ क्या?"

"काही नाही," मी मोठ्यानं सांगितलं. "याच्याकडून माझे पैसे यायचे आहेत."

सुटे निघाले. त्यानं ते बाकापर्यंत आणून माझ्या हातात दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लो, हो गया. अब कुछ बाकी नहीं." मी झोपल्या झोपल्याच ते मोजले. बरोबर होते. मग कुशीवर वळून, डॉक्टर बाईंनी शिकवलं तसं हातावर जोर देऊन, सावकाश उठले.