काचेमागची तस्बीह

पहिला तास चालू असताना ऑफिसातून निरोप आला, नईमाआपा गेल्या. पुढचं वाक्य मला फळ्यावर लिहिताच आलं नाही... आज महिना उलटला, तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की दुःखाआधी रागच वर येतो.

जेद्दाच्या आमच्या शाळेत आपा इतिहास शिकवत. मी दापोलीकडची, त्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या, काळ्या मुसलमान. रमजानात माझ्याकडे इफ्तारला आल्या की सांदणं आवडीने खात आणि घरचं सांगत बसत. त्यांच्या पणजीच्या आजोबांना पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडात आणून भातशेतीच्या मालकाला विकलं होतं. मालकाने नाव बदललं, पण त्यांनी नमाज सोडली नाही. पुढच्या पिढ्या चर्चमध्ये जाऊ लागल्या, तरी त्यांची लाकडी मण्यांची तस्बीह, नमाजानंतरची जपमाळ, पेटीत जपून राहिली. आपांचे वडील सैन्यात होते. त्यांनी पुन्हा इस्लाम स्वीकारला, तेव्हा त्यांच्या आईने ती काढून त्यांच्या हातात ठेवली. "तो देश उभा राहिला तेव्हा आम्ही तिथेच होतो," आपा म्हणत, "पाहुणे म्हणून नव्हे."

तीनेक वर्षांपूर्वी त्यांच्या गावात म्युझियम उघडायचं ठरलं. त्यांची बालमैत्रीण कॅरल ते काम पाहत होती. तिने तस्बीह मागितली आणि शब्द दिला, की गुलाम म्हणून आणलेल्या मुसलमानांची गोष्ट तस्बीहसोबत मांडू. आपा स्वतः जाऊन देऊन आल्या. मागच्या सुट्टीत मोठ्या हौसेने पाहायला गेल्या, तर काचेमागे तस्बीह होती आणि खाली लिहिलं होतं, 'गळ्यातली आफ्रिकी माळ'.

"मुसलमान हा शब्द घातला असता तर लोक बिथरले असते," कॅरल म्हणाली. "तू तरी समजून घे."

आपांनी तस्बीह परत मागितली. आता ती म्युझियमची झाली, असं उत्तर मिळालं.

हे सगळं त्यांनी मला स्टाफरूममध्ये सांगितलं, आवाज न चढवता. "विमानतळावर दर वेळी मला बाजूला घेतात, ते चालतं गं. ते मला ओळखत नाहीत. पण कॅरल आमच्या घरी जेवलीय... वडिलांच्या बोटांत ते मणी फिरताना तिने पाहिलेत."

जॉर्जियात वडिलांशेजारीच मला दफन करा, असं त्या नेहमी म्हणायच्या. त्या सुट्टीहून परतल्यावर एकदाच, गाडीत बसता बसता म्हणाल्या, "इथेच करा."

त्यांचा मुलगा रियाधहून पोचला, तेव्हा त्याने आईचं हे शेवटचं मागणं मानलं, दफन जेद्दातच ठरलं. त्यांना न्हाऊ घालायला मी आत गेले. न्हाऊ घालणारी सुदानी बाई वयस्कर होती, हात मायाळू. तिने अरबीत विचारलं, "ही कुठली?"

"अमेरिकेची."

तिने आपांचा चेहरा न्याहाळला. "हो, पण मूळची?"

"तिथलीच," मी म्हटलं आणि त्यांच्या खांद्यावर पाणी सोडलं.