दोनानंतर थेट चार

आधी माझा बावळटपणा सांगून टाकते, म्हणजे मग बाकीच्यांचा सांगायला तोंड राहील. मी एम.ए. झालेली बाई. झाशीत एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसते आणि लोकांना जोखीम समजावून सांगायचा पगार घेते. आणि गेल्या वर्षी कित्येक महिने मी घरच्या मिक्सरचं बटण तीनवर नेलं नाही. दोनवर थांबायची. चटणी भरड राहायची. नवरा दाताखाली खोबरं चावत विचारायचा, मिक्सर बिघडलाय का? मी म्हणायची, हो.

असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात एक भीती आणून ठेवली की ते आपोआप साठतात, फ्रिजमागे जळमटं साठतात तसे. एक झाडायला जावं तर मागून चार निघतात.

आमची भीती तिनाची होती आणि ती पल्लवीपायी होती. पल्लवी म्हणजे माझी धाकटी जाऊ, निखिलची बायको. इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकलं नाही. दुसऱ्या वेळी तर आईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. ती मग कोणी न बोलता ट्रंकेत गेली. आणि गेल्या होळीच्या सुमारास निखिलने सांगितलं की पुन्हा दिवस आहेत.

सगळ्यांना आनंद झाला. रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. मग आई ताट वाढता वाढता थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिसरी वेळ."

आता तीन म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत. चांगल्या कामाला तिघं निघत नाहीत. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडतात. सासरचे पूर्वज म्हणे तलवारी घेऊन नर्मदा ओलांडून इथवर आले होते. त्यांचे वंशज आम्ही, ओरछा गेटजवळच्या गल्लीत बसून एका आकड्याला घाबरत होतो.

*

पहिला फटका दूधवाल्याला बसला. रामसेवक वर्षानुवर्षं आमच्याकडे तीन लिटर दूध घालतो. आईंनी नवा कायदा काढला. त्याने दोन लिटर घालायचं आणि जायचं. मग आम्ही त्याला हाक मारायची, "भैया, एक लीटर देना." जणू आत्ताच आठवलं.

तो आधी वैतागला. एकदम का नाही घेत, म्हणून दोन-चार दिवस त्याने वाद घातला. आईंनी कारण सांगितलं नाही, नुसतं "बहू पेट से है" म्हणाल्या. त्या दिवसापासून तो आपणहून दोन लिटर ओतून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येऊ लागला.

एका सकाळी दारात निखिल होता. त्याला कारखान्याची बस गाठायची होती. दोन लिटर झाल्यावर त्याने पातेलं तसंच पुढे धरलं, और एक डाल दो. रामसेवकने माप मागे घेतलं.

"भैया, अभी हम गए कहाँ हैं?"

*

पल्लवी ह्या सगळ्यात काही बोलायची नाही. ती बोलतेच कमी. माहेर जबलपूरचं, आणि चेहरा असा की आनंद झालाय की दात दुखतोय ते कळू नये. आम्ही तिच्यासमोर हसत वावरायचो. ती झोपली की स्वयंपाकघरात बसून एकमेकींना घाबरवायचो.

एकदा ती ओसरीवर आठवीचे पेपर तपासत बसली होती. आई चष्मा लावून डोकावल्या. पानभर त्रिकोण. आईंचा चेहरा उतरला. जरा वेळ त्या घुटमळल्या आणि मग म्हणाल्या की हे थोडे महिने त्रिकोण राहू दे, चौकोन शिकव.

पल्लवीने लाल पेन थांबवलं. "आई, चौकोनाला तिरकी रेघ मारली की दोन त्रिकोण होतात."

"मग मारू नकोस ना रेघ."

पल्लवीने मान डोलावली आणि पुढचा पेपर घेतला. ती शाळेत काय शिकवत होती, हे विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.

*

डॉक्टरीणबाई सीपरी बाजारात. दर महिन्याला जायचो आम्ही कोण? पल्लवी, आई आणि मी. मोजा.

ह्याला उतारा आहे. तिघं निघाली तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा. मी तुळशीच्या कुंडीतला एक घेतला, धुतला, रुमालात बांधला आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसले. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. आईंनी त्याला त्यांच्या हिंदीत सगळं समजावलं. तो विचारात पडला.

"पर अम्मा, चौथे तो हम बैठे हैं."

हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. खड्यासकट पाच झालो. आई म्हणाल्या, पाच तर चांगलेच, पंचप्राण, पंचामृत. जरा हायसं वाटलं. तेवढ्यात त्याने वळणावर एक गृहस्थ पुढच्या सीटवर घेतले. सहा. आईंनी बोटांवर काहीतरी केलं आणि माझा हात घट्ट धरला. सहा म्हणजे दोनदा तीन.

"भैया, एक सवारी और बैठा लो," आई म्हणाल्या.

झाशीच्या इतिहासात असं ऑटोवाल्याला कोणी म्हटलं नसेल. त्याने आनंदाने एक भाजीच्या पिशवीवाली बाई आमच्यात कोंबली. पल्लवी पोट सांभाळत कडेला चेपली गेली. मी म्हटलं, तुला त्रास होतोय का गं?

"नाही. सात झाले. सात मूळ संख्या आहे, कशानेच भाग जात नाही. चला."

*

श्रावण लागला. पोट दिसायला लागलं आणि आमची झोप आणखी कमी झाली. पहिल्या सोमवारी मी पाहते तर आई परडी घेऊन बेल निवडत बसलेल्या. एकेक पान उजेडात धरायच्या. ज्याची तिन्ही दळं अखंड, ते ठेवायच्या. बाकीचं बाजूला.

मी दारातच थिजले. म्हटलं, "आई, तीन?"

त्यांनी वर पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण हात थांबला. ब्रह्मा-विष्णू-महेश तीन, त्रिशूळाची टोकं तीन, संध्येला आचमन तीन वेळा. जो आकडा आम्ही दुधातून हाकलला होता, तो देव्हाऱ्यात मांडी घालून बसला होता. मला वाटलं आता काहीतरी शास्त्रार्थ ऐकायला मिळणार.

"ते देवाचं आहे," आई म्हणाल्या. "देवाला सोसतं."

आणि पुढचं पान उचललं. मी समोर बसून निवडू लागले.

*

मला मात्र कोणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं होतं. ऑफिसातल्या एकीने बरुआसागरच्या पंडितजींचं नाव सुचवलं. आकड्यांचं शास्त्र जाणतात म्हणे. एका शनिवारी घरी ऑडिट आहे सांगून मी बसने गेले.

पंडितजी वयाने माझ्याहून लहान निघाले. तळ्याकडे तोंड करून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिनाची अशी काही थोरवी गायली की मी हरखूनच गेले. तीन म्हणजे बृहस्पती, तीन म्हणजे पूर्णता. स्वर्ग-मृत्यू-पाताळ तीन, काल-आज-उद्या तीन. तंत्रात तीन, वेदात तीन. "बहनजी, तीन से बढ़कर शुभ अंक नहीं है," म्हणाले. तिसरी वेळ आहे म्हणूनच सुखरूप होणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून नमस्कार केला.

त्यांनी डब्यातून बत्तासे काढून माझ्या तळहातावर ठेवले. एक, दोन, तीन. आणि डबा बंद करता करता थांबून, अगदी सहज, चौथा ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी ते चारही खाल्ले. घरी काय सांगणार होते?

*

नवरात्र जवळ आलं होतं. तारखेला अजून बराच अवकाश होता. एका दुपारी मी रजेवर घरीच होते. पल्लवी शाळेतून लवकर आली, चपला काढल्या आणि दारातच भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, वहिनी, साडीला डाग आहेत.

पुढचं मला नीट आठवत नाही. नवऱ्याला फोन केला, गाडी आली, आईंना शेजारच्या मावशींकडे बसवलं. हॉस्पिटलात स्ट्रेचर आलं आणि नर्स ओरडली, "तीन नंबर में ले चलो."

मी पळत काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला हात जोडले की दुसरी कुठलीही खोली द्या, जास्त पैसे घ्या, पण तीन नको. ती कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाली, "मैडम, दो में डिलीवरी चल रही है, चार में लाइट नहीं है. डॉक्टर तीन में हैं. आपको डॉक्टर चाहिए कि नंबर?"

मी बाकावर येऊन बसले. निखिल आला तो हेल्मेट घालूनच. कोणाची तरी मोटरसायकल घेऊन आला होता. तो तसाच भिंतीला टेकून उभा राहिला आणि आम्ही कोणी त्याला हेल्मेट काढ म्हटलं नाही. आतून आवाज येत होते, पण हवा होता तो येत नव्हता. मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही. मी कुठला आकडाही मोजत नव्हते. नुसती दाराच्या मुठीकडे पाहत होते.

मग आतून कोणीतरी रडलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. निखिल हेल्मेटसकट खाली बसला.

मुलगी झाली. अगदी एवढीशी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण श्वास चांगला आहे, घाबरू नका.

सकाळी मला पल्लवीपाशी सोडलं. निखिल वरच्या मजल्यावर लेकीजवळ होता. पल्लवीचे ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले. मला रडू फुटलं, आणि रडताना मी बोलत सुटते. म्हटलं, तुला आता सांगते बाई, तिसरी वेळ म्हणून आम्ही काय काय केलं आणि किती घाबरलो ते. तुझ्यासमोर हसायचो, पण एक दिवस सुखाने घास गेला नाही. सुटलो एकदाचे त्या तिनातून.

पल्लवी छताकडे पाहत होती.

"वहिनी, ही चौथी वेळ," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळी गेलं तेव्हा दिवाळी होती, तुम्ही सगळे चकल्या तळत होतात. मग नाही सांगितलं. ती उशी जरा सरकवा."