सीटखालची पुडी

कितीतरी गुन्हे विसरलो, पण शारजातली ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही.

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी लेकीकडे राहायला आलो. घरी बसवेना, म्हणून औद्योगिक भागातल्या एका मराठी व्यापाऱ्याकडे लागलो. तो परदेशातून वापरलेल्या मोटरसायकली आणून विकायचा. इथला नियम कडक. तपासणी केंद्रात ब्रेक, दिवे, फ्रेम, चेसिस नंबर सगळं पास झालं, प्रमाणपत्र मिळालं, की मगच विक्री. गाडी ग्राहकाला देण्याआधी नंबर प्रमाणपत्राशी ताडून सही करायची, हे माझं काम. जन्मभर पंचनामे केलेल्या माणसाला हा पोरखेळ वाटायचा. तिथेच मी माती खाल्ली.

जपानहून आलेली म्हणून एक काळी मोटरसायकल शेडमध्ये उभी होती. इंजिन तापलं की तिला वास यायचा. कापराचा, देवघरात येतो तसा. कामगार तिच्याजवळ डबा खायला बसत नसत. मी त्यांची थट्टा करायचो, "अरे, जपानी भूत आहे, त्याला तुमची भाषा कुठे कळणार!"

गाडी घेतली होती पुण्याच्या एका इंजिनिअरनं. न्यायच्या दिवशी बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी बरोबर आली. बाईंनी हळूच माझ्या हातात पुडी दिली. "काका, सासूबाईंनी देवीचा अंगारा पाठवलाय. सीटखाली ठेवाल? मला ही गाडी नकोच होती, पण हे ऐकतात कुठे!"

मी सीट उचलली. मुलगी वाकून बघत म्हणाली, "मम्मा, देअर इज वन ऑलरेडी!"

खरंच होती. वायरींच्या मागे टेपनं चिकटवलेली, कॅलेंडरच्या कागदाची. आत अंगारा, कापराचा तुकडा आणि कागदावर बॉलपेननं लिहिलेलं, 'बाळा, हळू चालव. आई.'

बाहेर आग ओकणारं ऊन, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. जपानहून आलेल्या गाडीत मराठी आई कुठून आली?

"आज गाडी मिळणार नाही," मी म्हणालो.

"अहो काका, पासिंग झालंय ना? उद्या सकाळी फुजैराला राइड आहे आमची!" इंजिनिअर तापला. मी ऐकलं नाही. ते गेल्यावर बॅटरी घेऊन गाडीपुढे बसलो. नंबर तोच होता, पण शेवटचे आकडे वेडेवाकडे ठोकलेले. खालचा रंग खरवडला, तर फ्रेमला वेल्डिंगचा जाड सांधा.

मेकॅनिक कोकणातला, हाताचा कसबी. त्याला केबिनमध्ये बसवलं. गाडीचा विषयच काढला नाही. पुडी टेबलावर ठेवली, चहा मागवला आणि गप्प बसलो. चौकीतली माझी जुनी पद्धत. त्यानं पुडीकडे एकदाही पाहिलं नाही. पण कप ठेवताना चहा सांडेल म्हणून पुडी अलगद बाजूला सरकवली.

"तुला ठाऊक आहे यात काय आहे ते," मी म्हणालो.

त्याला रडू फुटलं. "साहेब, देवाचं होतं. टाकू कुठे? रंग मारून झाल्यावर परत जागेवर चिकटवलं."

मग सगळं बाहेर आलं. पास झालेली जपानी गाडी मालकानं कधीच दुसऱ्या देशात विकली होती. तिचा नंबर या भंगारातल्या गाडीवर ठोकला. अपघातात हिची फ्रेम मोडली होती. वेगात सांधा टिकणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"आणि चालवणारा?"

"आपलाच मराठी पोरगा, साहेब. जागेवर गेला."

मालक आला तो हसतच. "विषय इथेच खलास करा ना काका. सही तर तुमचीच आहे."

होती. आदल्या दिवशी एसीत बसून मोबाइलवरच्या फोटोशी नंबर ताडून केलेली. तीच फाइल घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो आणि आधी स्वतःची चूक लिहून दिली. गाडी जप्त झाली. पुडी काढून घेतली होती, तरी टेम्पोत चढवताना कापराचा वास आला. कामगारांनी हात जोडले. या वेळी मी हसलो नाही.

कागद जुळला म्हणून उठायचं नाही, गाडीला हात लावून बघायचं, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. स्वतः शिकलो ते निवृत्तीनंतर.

लेकीला म्हणालो, "त्या अंगाऱ्यानं त्या आईचा मुलगा काही वाचला नाही गं." ती म्हणाली, "बाबा, इंजिनिअरच्या आईचा वाचला ना. त्या मुलाच्या आईला सांगा की हे."

तपासात त्या चिठ्ठी लिहिणाऱ्या माउलीचा फोन नंबर मिळाला होता. अजून माझ्या पाकिटात आहे. चारदा लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला.