धप्पा न देता

पेणहून रोह्याला जाताना एसटीत मी नेहमी वाचते. त्या रविवारी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. धाकटा भाऊ ज्या गेमच्या दुसऱ्या भागाची वाट पाहत होता, तो आला होता. भाऊ मात्र त्याआधीच गेला. भावजय फोनवर म्हणाली होती, "ताई, गेम त्यांनी आधीच घेऊन ठेवलेला. आता आपोआप आलाय टीव्हीवर. मला त्यातलं काय कळत नाय. तुम्ही या." तो शेजारी नसताना हा खेळ मला खेळवेल का, याचंच उत्तर वाटेत सापडत नव्हतं.

पहिला भाग आम्ही दोघांनी खेळला, म्हणजे खेळला त्याने. कंपनीतली शिफ्ट संपवून तो रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या घरी यायचा. मी सुट्टीला तिथे असले की शेजारच्या खुर्चीत बसून लक्ष ठेवायचे. गवतातून, छपरांवरून, कुणाच्या नजरेस न पडता पुढे जायचं, असा तो खेळ. त्यातल्या पहारेकऱ्यांना तो वॉचमन म्हणायचा. एखाद्याच्या मागून सावकाश जाऊन त्याला आडवं केलं, की लहानपणच्या लपाछपीतला शब्द आम्ही एकदम पुटपुटायचो : धप्पा. मी घाई केली तर म्हणायचा, "थांब गो ताई, त्याला वळू तर दे. पुस्तकाचं पण शेवटचं पान आधी बघतेस काय?"

आता कंट्रोलर माझ्या हातात होता आणि खुर्ची रिकामी. भावजय खाली बसून भिजवलेले वाल सोलत होती.

दुसरा भाग देखणा आहे, हे आधी लिहायला हवं. एक बंदर आहे, मालवाहू बार्ज लागलेले आहेत, पाण्यावर कंदिलांचा उजेड हलतो. 'हे तर आपलं धरमतर बंदर,' असं तो नक्की म्हणाला असता. गवतातून आपण गेलो की ते थोडा वेळ वाकलेलं राहतं. फळ्यांवर पाऊल वेगळं वाजतं, मातीत वेगळं. चालायचं बटण कुठलं आणि पळायचं कुठलं हे कळेपर्यंत मी पुन्हापुन्हा पकडली गेले.

"ताई, वॉचमनला हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला निघालात काय?" भावजयीने खालून विचारलं.

शेवटी पोत्यांच्या आडून एकाच्या मागे पोचले. धप्पा. शब्द ओठांतच राहिला.

पहिल्या भागात एक पहारेकरी नाहीसा झाला तरी दुसरा आपल्या फेऱ्या घालत राहायचा. इथे दुसरा आला आणि थांबला. रिकाम्या जागेकडे त्याने पाहिलं, हाक मारली. पडद्यावर खाली इंग्रजीत ओळ आली : कुठे आहेस रे? मग कंदील वर धरून तो एकेका पोत्यामागे शोधू लागला. त्याची पाठ माझ्याकडे होती. फक्त एक बटण दाबायचं होतं. माझ्याने ते दाबवेना.

"का थांबलात?"

मी तिला ती ओळ मराठीत सांगितली. तिने वालांची परात बाजूला सारली, ओढणीला हात पुसले आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. तो अजून हाका मारत होता.

"हे असते तर याला पण धप्पा देऊन मोकळे झाले असते," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. दोघींना हसू आलं, आणि ते हसू नीट संपलं नाही.

"परत पहिल्यापासून करता येतं?"

"इथे येतं."

आम्ही पुन्हा बंदराच्या तोंडाशी आलो. पहिला वॉचमन आपल्या जागी उभा होता. दुसरा आला, त्याच्याशी काहीबाही बोलला, पुढे गेला. दोघांनाही हात न लावता पलीकडे जायचं होतं. मी पोत्यांच्या आड दबकून बसले आणि बटणावर बोट ठेवलं.

"थांबा ताई," भावजय हळूच म्हणाली, "त्याला वळू तर द्या."