सर्वसाधारण सभेत गिटार

पुण्याला मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला गेलतो आणि दोन वर्षांनी गिटार घेऊन परत आलो. एस.टी.तून उतरलो तेव्हा पाठीवरची ती लांबट काळी पिशवी बघून आईला वाटलं, साहेब झाल्यावर मिळणारं काहीतरी सरकारी सामान असेल. वडिलांना तसं काही वाटलं नाही. त्यांनी चेन उघडून आत डोकावलं, परत लावली आणि विचारलं, "ह्याच्यावर पोस्ट निघती का?"

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या मागं. गावचं दूध सेंटर बंद पडलं होतं, कारण घालायला दूधच नव्हतं. सेंटर म्हणजे दूध सोसायटीची एक लांबलचक खोली. वर पत्रा, आत दूध गार करायची मोठी टाकी, भिंतीवर फॅटप्रमाणे दर लिहिलेला फळा. तिची किल्ली असायची फॅट काढणाऱ्याकडे. हा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, सोसायटीचा एकुलता एक नोकर, आणि दूध नसल्यामुळं दिवसभर मोकळा. मोकळा माणूस सापडला की मला चेव येतो. पुण्यातल्या माझ्या खोलीवरचा एकजण नोकरी लागल्यावर बेस गिटार टाकून गेला होता, ती मी मागाहून जाऊन आणली, ह्याच्या गळ्यात घातली आणि शिकवायला लागलो. मला स्वतःला त्यावेळी साडेतीन कॉर्ड येत होते. महिन्याभरात तो माझ्यापेक्षा बरा वाजवायला लागला, मग मी शिकवणं बंद केलं.

ड्रम वाजवायला माझ्या वर्गातला एक दोस्त आला. घरी मेंढरं आणि दोन म्हशी, गावात कोणाचीही वरात असली की हा हलगीवर. केजच्या एका लग्नाच्या बँडपार्टीनं धंदा डीजेवर नेला होता, त्यांचे जुने ड्रम त्यानं छोट्या टेम्पोत घालून आणले. अ‍ॅम्प्लिफायर मंडपवाल्याचा. त्याला जोडायला मात्र भजनाचा भोंगा तेवढा मिळाला. त्या भोंग्यातून गिटारचा आवाज असा फाटून निघायचा की पुण्यामुंबईचे लोक तसला आवाज काढायला वेगळं यंत्र विकत घेतात. आम्हाला तो फुकटात मिळाला, आणि इच्छा असो नसो, तसाच मिळाला.

पहिल्या दिवशी आम्ही वाजवायला सुरुवात केली तर दहा मिनिटांत दारात गर्दी. एका म्हातारबानं आत वाकून विचारलं, "बोअर लागलं का रे?"

न्हाई म्हणल्यावर सगळे नाराज होऊन गेले. पण ड्रमवाल्याची आई थांबली. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिच्या दोन्ही म्हशी छावणीत होत्या, आणि सोसायटीची ती स्वतः सभासद होती, नवऱ्याच्या नावावर नाही, स्वतःच्या. गाणं संपेपर्यंत ती उभी राहिली आणि म्हणाली, "लई वंगाळ हाय. पण जोरात हाय."

एवढं कौतुक माझं पुण्यात दोन वर्षांत झालं नव्हतं.

आमचं गाणं एकच होतं, मीच लिहिलेलं. "न्हाई पाणी, हाय आवाज" एवढीच ओळ अठरा वेळा म्हणायची आणि मध्ये ओरडायचं. गाताना मी डोळे गच्च मिटायचो. कलावंत तसं करतात असा माझा समज होता.

दोन-तीन महिन्यांनी तात्यांनी बोलावणं धाडलं. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते आणि दूध सोसायटीचे चेअरमन. सेंटर बंद करा, वाजवणं बंद करा, असलंच काही ऐकायची तयारी करून गेलो. तर तात्यांनी चहा सांगितला.

"तुमचं ते काय हाय, ब्यांड. सोसायटीच्या सभेत वाजवा."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "तात्या, भाषणाच्या आधी का नंतर?"

"मधी. सेक्रेटरी विषय वाचायला उठला की चालू करायचं. मी हात खाली करस्तोवर थांबायचं न्हाई."

"जरा मोठ्यानं वाजवतो आमी."

"जेवढं फाडायचं तेवढं फाड," तात्या म्हणाले. माझे डोळे भरून आले. आमच्या घराण्यात संगीताची एवढी जाण असलेला माणूस आहे हे मला माहीतच नव्हतं.

बेसवाल्याला सांगितलं तर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "विषय वाचताना गाणं? कावून बे?"

"पार्श्वसंगीत असतंय," मी म्हणालो. पुण्याला राहून आल्याचा मला एवढा तरी फायदा होता.

ज्यांनी असली सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेक्रेटरी उभा राहून विषय वाचतो, म्हणजे ओठ हलवतो. पुढच्या दोन रांगांत चेअरमनची माणसं असतात, ती "मंजूर, मंजूर" असा गलका करतात. मागून कोणी "अवो, ऐकू येईना" म्हणेपर्यंत पुढचा विषयही मंजूर होऊन गेलेला असतो. शेवटी "ऐनवेळचे विषय" असतात. जे नोटिशीत छापायला नको असतं ते तिथं घेतात. मग चिवडा. त्या वर्षी मात्र दुष्काळानं माणसं तापलेली होती आणि पुढच्या दोन रांगांच्या घशावर तात्यांचा भरवसा राहिला नव्हता. त्यांना गलका बाहेरून आणायचा होता. हे मला आज कळतं. तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलतो.

सेंटरच्या अंगणातच मंडप. सकाळचे अकरा. सेक्रेटरी उठला, आम्ही सुरू झालो. भोंगा मंडपाच्या खांबाला, माणसांच्या कानापासून हातभर. मी डोळे मिटले आणि सुटलो. पहिला विषय, दुसरा, तिसरा, सगळे आमच्या गाण्याखाली गाडले जात होते, आणि मला वाटत होतं लोक तल्लीन झालेत.

पुढचं मी पाहिलं नाही, मला नंतर सांगण्यात आलं. ऐनवेळचा विषय आला तेव्हा बायकांच्या बाजूला मावशी उभी राहिली आणि बोलायला लागली. ड्रमवाल्याला तिचं तोंड हलताना दिसत होतं, हात वर गेलेला दिसत होता, पण शब्द ऐकू येईना. त्याला वाटलं, कोण एवढा आवाज करतंय? मग ध्यानात आलं, आपणच. त्यानं काड्या मांडीवर ठेवल्या. ते बघून बेसवाला थांबला.

मी थांबलो नाही. मला कळलंच नाही. सगळ्या सभेसमोर मी एकटा, डोळे मिटून, "न्हाई पाणी, हाय आवाज" असं चांगलं तीन-चार वेळा ओरडलो. शेवटी बेसवाल्यानं माझ्या गिटारची वायर उपटली.

डोळे उघडले तर तात्या स्टेजवरून दात चावत होते. "वाजीव बे! थांबला कावून?"

सेक्रेटरीच्या कागदात डोकावून बेसवाला माझ्या कानात पुटपुटला, "खोली चालली आपली. सेंटर विकायलेत. आत्ता, आपल्याच गाण्यात."

मी बाणेदारपणे काही बोललो असं सांगायला मला आवडलं असतं. समोर सख्खे चुलते, ज्यांच्या खांद्यावर बसून मी नारायणगडाची जत्रा पाहिली होती. पण ती खोली गेली असती तर मी पुन्हा फक्त परीक्षेत नापास झालेला माणूस उरलो असतो, आणि म्हशी छावणीतून आल्यावर मावशीला दूध घालायला पाच कोस जावं लागलं असतं. माइक माझ्यासमोर होता. मी तो स्टँडावरून काढला, वायर ओढत बायकांच्या बाजूला गेलो आणि मावशीच्या तोंडापुढं धरला.

"न्हाई वाजवत, तात्या," असं मी म्हणालो. लोक म्हणतात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

मावशीचं मात्र गेलं. माइकमध्ये हळू बोलायचं असतं हे तिला कोण सांगणार? "सेक्रेटरी! आत्ता काय वाचलं ते परत वाच. दम खात वाच."

सेक्रेटरीनं तात्यांकडं पाहिलं. मग वाचलं. दूध नसल्यानं सेंटरची इमारत आणि जागा खताच्या गोदामासाठी कायमची देण्यात येत आहे.

"कुणाला?"

"ते... लिहिलंय खाली."

"मग खालचं वाच."

खाली तात्यांच्या मेव्हण्याचं नाव होतं.

"नामंजूर," मावशी म्हणाली. मग मागची एक म्हणाली, मग बायकांची सगळी बाजू, मग पुरुष. पुढच्या दोन रांगांतल्याही काहीजणांनी ओठ हलवले. ड्रमवाल्यानं काड्या उचलल्या आणि प्रत्येक "नामंजूर"ला एक दणका द्यायला लागला. आमच्या बँडला पहिल्यांदा ताल सापडला तो तिथं.

रात्री वडील जेवताना एवढंच म्हणाले, "दोन वर्षं शिकलास, अन् न वाजवून नाव काढलंस." तात्यांनी बोलणं टाकलं.

तिथून आमची चलती सुरू झाली. लोकांनी आमचं नाव नामंजूरवाले ठेवलं. लिंबागणेशाकडच्या एका सोसायटीचे सभासद आले, "आमच्या सभेला या."

"वाजवायला?"

"न्हाई. मधीच थांबायला."

आम्ही सांगितलं, पूर्ण वाजवू आणि मगच थांबू. केजला कॉलेजच्या गॅदरिंगला गेलो, तिथं पोरांनी खुर्च्यांवर उभं राहून तीच ओळ अठराच्या वर किती वेळा म्हणली कोणास ठाऊक. प्राचार्यांनी लाइट घालवली तर ड्रमवाला अंधारात चालूच.

पुढच्या साली पाणी झालं, म्हशी परत आल्या. दूध एवढं की टाकी पुरेना. पुन्हा सभा भरली. चेअरमन तात्याच. विषय मोठ्यानं, शब्दन्‌शब्द वाचला गेला, कारण आता तशी पद्धतच पडली होती: सेंटरमधलं वाद्यांचं सामान हलवून खोली दुधासाठी मोकळी करावी.

"नामंजूर!" मी उठून ओरडलो.

मावशी वळून म्हणाली, "खाली बस बे. दूध काय तुझ्या गिटारीत घालू?"

मंजूर झालं. हात वर करणाऱ्यांत आमचा बेसवाला होता, फॅट काढायला त्याला परत कामावर घेतलं होतं. ड्रमवाल्यानं तर दोन्ही हात वर केले. माझा एकट्याचा विरोध सेक्रेटरीनं इतिवृत्तात नोंदवून घेतला, तो अजून तिथं आहे.

आम्ही सामान सेंटरच्या मागं उघड्यावर, बाभळीखाली मांडलं, भोंगा वर फांदीला बांधला. भिंती गेल्या, पत्रा गेला, आवाज आता अडत नव्हता. तिसऱ्या दिवशी तात्यांचा निरोप आला, ह्यांच्या धिंगाण्यानं म्हशी पान्हा चोरतात, आवाज कमी करा.

मावशी चरवी घेऊन सेंटरकडं चालली होती. तिला विचारलं.

"माझ्या तर न्हाईत चोरत," ती म्हणाली.

मी बाभळीवर चढलो, एक काटा पायात आणि एक शर्टात घेतला, आणि भोंग्याचं तोंड तात्यांच्या घराकडं फिरवलं.