वाळूत ओतलेले थेंब

"त्या कॉन्व्हेंटवालीकडं नको. थर्मामीटर लावील आन् नाव सिक रिपोर्टात घालील. सुलूसिस्टरकडं चल, थेंब घेऊ."

कनातीपलीकडे शिपाई दत्ताराम सोबत्याला सांगत होता. कॉन्व्हेंटवाली म्हणजे मी. साठच्या दशकात मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. तुकडी सरावासाठी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आली होती. आजाऱ्यांसाठी एक तंबू, त्यात आम्ही दोघी. दुसरी लेफ्टनंट सुलोचना. ती जवानांना "काय रे वाघा" म्हणायची. मला मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागे. रांग तिच्याच स्टुलापुढे लागायची. मी पट्ट्या गुंडाळत ती रांग बघायचे.

आदल्या रात्री बडा खाना, म्हणजे तुकडीची मेजवानी, झाली होती. उरलेला कोळंबीभात देगेतच राहिला आणि सकाळी जवानांनी तो तसाच गार खाल्ला. दुपारी उलट्या, जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी प्लाटूनांची होड्यांची शर्यत होती. सिक रिपोर्टात नाव गेलं की होडीतली जागा गेली. म्हणून सगळ्यांना फक्त पोट बांधून हवं होतं. सुलोचनाकडे बाजारातली थेंबांची बाटली होती, चिठ्ठीशिवाय कुणालाही मिळणारी. तिच्यात अफू असे.

दत्ताराम तिच्यासमोर बसला. म्हसळ्याजवळच्या गावचा, वल्हं मारण्यात पहिला. ओठ सुकलेले. मी उठून थर्मामीटर लावला. एकशे तीन.

"रक्त पडतंय?"

"न्हाय, सिस्टर." मग खाली बघून, "थोडं हाय."

सुलोचनाने थेंब पेल्यात घातले होते. मी पेला उचलला.

"ताप आहे, रक्त आहे. थेंबांनी जुलाब थांबतील, पण विष आतच राहील."

"तुला माझं काहीच बघवत नाही ना?" ती हळूच म्हणाली.

ते खरं होतं. एकशे तीन हेही खरं होतं. मी पेला वाळूत ओतला.

"सिस्टर, माझी होडी," दत्ताराम रडकुंडीला आला.

डॉक्टर म्हसळ्याला गेले होते. मी वायरलेस गाठला.

"पेशंट एक. ताप एकशे तीन, रक्ती जुलाब. डॉक्टर आणि सलाईन पाठवा. ओव्हर."

"रॉजर. निघतोय. आउट."

तोवर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्याचमच्याने पाजायचं होतं. सुलोचनाने बाटलीला बूच लावलं आणि चमचा घेतला. दत्तारामने तिचाच हात धरून ठेवला. मला तेही खुपलं.

तो वाचला. होडी त्याच्याविना गेली. पुढच्या लढाईत तो सीमेवर कामी आला.

लढाई संपल्यावर आम्ही दोघी त्याच्या गावी गेलो. त्याची आई पेजेची वाटी घेऊन बाहेर आली.

"दत्तू सांगायचा, एका बाईनं त्याचं औषध वाळूत ओतलं म्हणून तो जगला. ती कधी घरी आली तर पयली वाटी तिला, म्हनायचा. तुमच्यातली कोन ती?"

ती सुलोचनाकडेच बघत होती. सगळे आधी तिकडेच बघतात. सुलोचनाने माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हणाले. "मीच ती, आई."